इब्री ग्रंथांतील दुय्यम सेनानायक : एक साधनपरीक्षण

शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथांत, २१ व्या अध्यायाच्या अखेरीस, पलिष्ट्यांशीं झालेल्या चार चकमकींची एक त्रोटक यादी आहे. तिच्यांतील एका कलमांत असें म्हटलें आहे कीं, बेथलेहेमचा एलहानान यानें गथ येथील गल्याथ यास ठार केलें, व त्या गल्याथाच्या भाल्याचा दांडा साळ्याच्या मागाच्या तुळईएवढा होता. हेंच गल्याथाचें नांव, हेंच गथ गांव व हाच भाला पहिल्या ग्रंथाच्या १७ व्या अध्यायांत येतो; परंतु तेथें मारणारा दावीद आहे. पुढें 'इतिहास' या नांवाच्या पहिल्या ग्रंथांत, २० व्या अध्यायांत, हेंच कलम तिसऱ्या रूपानें आढळतें : एलहानानानें मारिला तो गल्याथ नव्हे, तर गल्याथाचा भाऊ लहमी.

एकच भाला, आणि त्याच्या तीन हकीकती. यांपैकीं कोणती ग्राह्य धरावयाची, हा प्रश्न केवळ ईश्वरविद्येच्या पंडितांचा नव्हे. तो साधनचिकित्सेचा आहे, आणि म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. बखर, करीना व अस्सल कागद हीं एकमेकांशेजारीं ठेवून वाचण्याची ज्यांना संवय आहे, त्यांना इब्री ग्रंथांतील सेनानायकांचीं प्रकरणें वाचतांना आपण परक्या मुलखांत आलों आहों असें फारसें वाटणार नाहीं. आम्ही येथें यहोशवा, गिदोन किंवा स्वतः दावीद यांसारख्या थोरांस बाजूस ठेवून, ज्यांना ग्रंथकारांनीं एखादी ओळ किंवा एखादें प्रकरण दिलें आहे अशा दुय्यम नायकांचाच विचार करणार आहों. कारण आमच्या मतें या ग्रंथांची ऐतिहासिक किंमत ठरविण्यास थोरांपेक्षां हीं लहान माणसेंच अधिक उपयोगीं पडतात. मात्र त्यांचा उपयोग कोठपर्यंत करावा यास मर्यादा आहे, आणि ती मर्यादा अनेक लेखक पाळीत नाहींत, अशी आमची तक्रार आहे.

(१) एलहानान व गल्याथ

प्रथम एलहानानाचें कलम घेऊं. दोन पाठांतील फरक मूळ इब्री अक्षरें पाहिल्यास कसा उत्पन्न झाला हें बऱ्याच अंशीं उघड होतें. 'बेथलेहेमकर' या अर्थाचा इब्री शब्द 'बेथ-हल्लहमी' असा आहे. त्याचाच शेवट तोडून 'इतिहास'ग्रंथांतील 'लहमी' हें विशेषनाम निघालें आहे. तसेंच कर्मदर्शक 'एथ' आणि 'भाऊ' या अर्थाचें 'अही' या दोन शब्दांच्या अक्षरांत अंतर थोडेंच आहे. म्हणजे एका पाठांतून दुसरा पाठ होण्यास फार खटपट नको.

परंतु कोणत्यांतून कोणता झाला? 'इतिहास'ग्रंथाच्या पक्षानें एक मुद्दा खरोखर विचारार्ह आहे. शमुवेलांतील ही ओळ निर्दोष नाहीं. तींत एलहानानाच्या बापाचें नांव 'यारे-ओरगीम' असें दिलें आहे. 'ओरगीम' म्हणजे साळी, आणि हा शब्द त्याच ओळीच्या शेवटीं भाल्याच्या वर्णनांत पुनः येतो. लेखकाची नजर चुकून खालचा शब्द वर चढला, हें स्पष्ट दिसतें. 'इतिहास'ग्रंथांत तेथें केवळ 'याईर' आहे. एका शब्दांत जी ओळ बिघडली ती दुसऱ्यांतही बिघडली नसेल कशावरून, असा हा युक्तिवाद आहे.

तरीही आमचा कौल शमुवेलाच्या बाजूनें आहे, आणि त्याचें कारण हेतूचें आहे. 'गल्याथाचा भाऊ' असें मूळ असतें, तर दावीदाचें सर्वांत प्रसिद्ध कृत्य त्याच्याकडून काढून एका अप्रसिद्ध शिपायाच्या नांवें घालण्याची इच्छा कोणत्या नकलकाराला झाली असती? उलट दिशेची इच्छा मात्र सहज समजण्यासारखी आहे. दोन वचनांचा विरोध डोळ्यांत खुपूं लागल्यावर तो मिटविण्याचे प्रयत्न पुढेंही चालूच राहिले. अरामी भाषांतरकारानें एलहानान म्हणजे दावीदच असें ठरवून टाकिलें. इ. स. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत शमुवेलाच्या या ओळींत 'चा भाऊ' हे शब्द पदरचे घालण्यांत आले. त्या भाषांतरकारांच्या प्रामाणिकपणास हें शोभेसेंच आहे कीं, ते शब्द मुळांत नाहींत हें त्यांनीं वेगळ्या वळणाच्या टाइपानें दाखविलें. ही भर कोणत्या बाजूनें पडत गेली तें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे 'इतिहास'ग्रंथाचा पाठही त्याच मालिकेंतील पहिला असावा, असें अनुमान करण्यास जागा होते.

याला दुसरीही एक पुष्टि आहे. पहिल्या शमुवेलाच्या १७ व्या अध्यायांत द्वंद्वयुद्धाची हकीकत विस्तारानें आहे; परंतु त्या सबंध अध्यायांत 'गल्याथ' हें नांव दोनदांच येतें, ४ थ्या व २३ व्या वचनांत. बाकी सर्वत्र तो नुसता 'पलिष्टी' आहे. दावीदानें कोणी एक पलिष्टी वीर मारिला अशी जुनी कथा असावी, व त्या निनांवी वीरास पुढें एलहानानाच्या शत्रूचें नांव चिकटलें असावें, हा अनेक अभ्यासकांचा तर्क आम्हांस ग्राह्य वाटतो. कथा वाढत जाते याचा एक मोजतां येण्यासारखा पुरावाही आहे. प्रचलित इब्री पाठांत गल्याथाची उंची ६ हात व एक वीत, म्हणजे सुमारें साडेनऊ फुटांवर आहे, परंतु इ. स. १९५२ त मृतसमुद्राजवळ कुम्रान येथील चौथ्या गुहेंत सांपडलेल्या शमुवेलाच्या जुन्या प्रतींत ती ४ हात व एक वीत, म्हणजे पावणेसात फुटांच्या आसपास आहे, आणि ग्रीक भाषांतराच्या जुन्या प्रतीही ४ हातच सांगतात. शत्रु दोन हातांनीं वाढला, आणि मारणारा शिपाई मागें पडला.

(२) राजाचें यश व सरदाराचें नांव

एलहानानाचें प्रकरण एकटें असतें, तर तो लेखनप्रमाद म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु सरदाराचें यश राजाच्या पदरीं कसें पडतें, हें शमुवेलाचा ग्रंथ एके ठिकाणीं उघडपणें सांगतो. अम्मोन्यांच्या राब्बा शहरास यवाबानें वेढा घातला. पाण्याचा भाग काबीज झाल्यावर त्यानें दावीदास निरोप पाठविला कीं, आतां आपण स्वतः येऊन शहर घ्यावें, नाहींतर मीं घेतलें तर तें माझ्या नांवानें ओळखलें जाईल. दावीद गेला, शहर पडलें, व तेथील मुकुट त्याच्या मस्तकावर ठेवण्यांत आला. हा निरोप जपून ठेवणारा लेखक दरबारी रीत पुरती ओळखून होता.

आतां हेंच प्रकरण 'इतिहास'ग्रंथांत पाहावें. तेथें यवाब राब्बाला वेढा घालतो, 'दावीद यरुशलेमांतच राहिला' असें वाक्य येतें, आणि लगेच पुढच्या वचनांत दावीद राब्बाच्या राजाचा मुकुट घेतांना दिसतो. तो यरुशलेमाहून तेथें केव्हां व कसा आला याचा पत्ता नाहीं. शमुवेलांत या दोन वाक्यांच्या दरम्यान उरीया हित्ती याच्या पत्नीची व त्याच्या घाताची हकीकत आणि यवाबाचा निरोप आहे. 'इतिहास'कारानें मधला भाग कापला, पण दोन्ही टोंकें तशींच राहिलीं. कापलेल्या कागदाची ही शिवण दिसते म्हणूनच 'इतिहास'काराच्या हाताखालीं शमुवेलासारखाच एखादा मजकूर होता असें आम्ही म्हणतों.

तथापि 'इतिहास'कार केवळ राजाचा भाट होता, असा शेरा मारणेंही योग्य नव्हे. त्यानें उरीयाची कथा गाळली, परंतु दावीदाच्या शूरांच्या यादींतून उरीयाचें नांव गाळलें नाहीं. शमुवेलांत ती यादी उरीयापाशींच संपते. 'इतिहास'ग्रंथांत त्याच्यापुढें आणखी १६ नांवें आहेत. तसेंच यरुशलेम घेतांना यवाब प्रथम वर चढला व त्यामुळें तो मुख्य सेनापति झाला, ही माहिती शमुवेलांत नसून 'इतिहास'ग्रंथांतच आहे. म्हणजे एका ठिकाणीं यवाबाचें श्रेय गेलें, तर दुसऱ्या ठिकाणीं त्याला तें मिळालें. सबब, अमुक ग्रंथ विश्वसनीय व अमुक अविश्वसनीय असा सरसकट निकाल न देतां प्रत्येक कलमाचा निराळा न्याय केला पाहिजे.

या याद्यांविषयीं आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. शमुवेलाच्या यादींत यवाबाचे भाऊ अबीशय व असाएल आहेत, त्याचा शस्त्रवाहक बैरोथचा नहरय हाही आहे. खुद्द यवाबाला मात्र त्यांत स्वतंत्र जागा नाहीं. तो सर्वांच्या वरचा म्हणून वगळला, कीं पुढें तो राजद्रोही ठरल्यामुळें त्याचें नांव निघालें, याचा निर्णय यादीवरून होत नाहीं. परंतु कथा रचणारा मनुष्य असली विसंगति मुद्दाम निर्माण करीत नाहीं. म्हणून ही यादी कथेहून जुनी व स्वतंत्र असावी, असें आम्हांस वाटतें.

(३) अमासा

अमासाचें प्रकरण अधिक नाजूक आहे. तो यवाबाचा मावसभाऊ. अबशालोमानें बापाविरुद्ध बंड केलें तेव्हां त्यानें यवाबाच्या जागीं अमासास सेनापति नेमिलें. बंड मोडलें, अबशालोम यवाबाच्या हातून मारला गेला, आणि दावीदानें शिक्षेऐवजीं अमासासच यवाबाचें पद देऊं केलें. यहूदाच्या लोकांना वळवून घेण्याचा त्यांत हेतु होता हें संदर्भावरून दिसतें. लगेच शेबाचें दुसरें बंड उद्भवलें. तीन दिवसांत यहूदाची फौज गोळा करण्याचा हुकूम अमासास झाला, व त्याला उशीर लागला. गिबोन येथील मोठ्या धोंड्यापाशीं यवाबानें त्याला भाऊ म्हणून हांक मारिली, चुंबनाच्या मिषानें उजव्या हातानें त्याची दाढी धरिली व दुसऱ्या हातांतील तरवार त्याच्या पोटांत खुपसली. येणारेजाणारे प्रेताजवळ थबकूं लागले, तेव्हां कोणीएका शिपायानें तें रस्त्यावरून शेतांत ओढून त्यावर वस्त्र टाकिलें, आणि फौज पुढें चालली.

हें वर्णन इतकें डोळ्यांपुढें उभें राहणारें आहे कीं, तें पाहणाऱ्यानेंच लिहिलें असावें असें पुष्कळ टीकाकार म्हणतात. आम्ही इतके पुढें जाऊं इच्छीत नाहीं. वर्णनाचा जिवंतपणा हा लेखकाच्या हातोटीचा पुरावा आहे, घटनेचा नव्हे. बखरी वाचणारांस हें निराळें सांगावयास नको. येथेंही विचारावयाचा प्रश्न हाच कीं, ही हकीकत नमूद राहण्यांत कोणाचा लाभ होता? राजांच्या पहिल्या ग्रंथांत याचें उत्तर आहे. मरतेवेळीं दावीद शलमोनास अबनेर व अमासा यांच्या खुनांची आठवण देतो. यवाबानें अदोनीयाचा पक्ष धरिलेला असतो. आणि शलमोनाच्या हुकुमावरून बनाया त्याला वेदीजवळच ठार करून स्वतः सेनापति होतो. म्हणजे अमासाचा खून जतन झाला तो अमासाच्या कळवळ्यानें झाला असें मानण्याचें कारण नाहीं. नव्या राजाला जुन्या सेनापतीविरुद्ध तो उपयोगी होता. लहान माणसाची हकीकत निर्हेतुक असते हें गृहीत येथें फसतें. खून झालाच नसावा असें आमचें म्हणणें नाहीं. साक्षीदार हितसंबंधी आहे, एवढें टिपून ठेवावें असें आमचें म्हणणें आहे.

(४) हुद्दे कीं नांवें?

आतांपर्यंत ग्रंथाची तुलना ग्रंथाशींच केली. बाहेरचा पुरावा पाहूं गेल्यास त्याचा आरंभ परकीय सेनानायकांपासून होतो. हिज्कीयाच्या वेळीं, इ. स. पू. ७०१ त, सनहेरीबानें यरुशलेमाकडे तर्तान, रब-सारीस व रब-शाके यांस पाठविलें असें राजांचा दुसरा ग्रंथ सांगतो. जुने भाषांतरकार हीं माणसांचीं नांवें समजत. अश्शूरी लेख वाचतां येऊं लागल्यावर हे हुद्दे असल्याचें उघड झालें : पहिला मुख्य सेनाधिकारी, दुसरा राजवाड्यांतील खोजे किंवा खासगीकडील अधिकाऱ्यांचा मुख्य, व तिसरा राजाचा मुख्य पेयवाहक. यशयाच्या २० व्या अध्यायांत तर 'सर्गोनानें तर्तानास अश्दोदावर पाठविलें' एवढेंच वाक्य आहे. सर्गोन नांवाचा राजा अन्यत्र ठाऊक नसल्यामुळें विद्वान् तर्क लढवीत बसले होते. इ. स. १८४३ त बोता यानें खोर्साबाद येथें खणण्यास सुरुवात केली आणि त्या राजाचा सबंध राजवाडाच बाहेर आला. अश्दोदावरील ती मोहीम इ. स. पू. ७११ ची होय.

नबुजरदानाचा हुद्दा याहून मनोरंजक आहे. इ. स. पू. ५८७ किंवा ५८६ त यरुशलेम पडल्यानंतर तें जाळणारा हा बाबिलोनी अधिकारी 'रब-तब्बाहीम' म्हणविला आहे. भाषांतरांत याचा अर्थ गारद्यांचा सरदार असा करितात. परंतु 'तब्बाह' या शब्दाचा साधा अर्थ खाटीक किंवा आचारी असा असून शौलाच्या जेवणाच्या प्रसंगीं तो शब्द आचाऱ्यालाच लाविला आहे. नबुखद्नेस्सराच्या दरबारी अधिकाऱ्यांची जी यादी बाबिलोन येथें मृत्तिकालेखावर मिळाली, तींत नबू-झेर-इद्दिन याच नांवाचा मुख्य आचारी आहे. मुदपाकखान्याचा व आबदारखान्याचा मुखत्यार मुलूखगिरीवर जावा याचें आमच्या वाचकांस नवल वाटूं नये. राजाच्या अंगाजवळील चाकरीचें पद हें विश्वासाचें पद असतें, आणि विश्वासाच्या माणसाकडे कामगिरी सोंपविली जाते. येथें इब्री लेखकानें परक्या दरबारचा हुद्दा अचूक राखला आहे. तथापि तो यरुशलेमास आला ती तारीख राजांच्या ग्रंथांत पांचव्या महिन्याची ७ वी व यिर्मयाच्या ५२ व्या अध्यायांत १० वी आहे, हेंही विसरतां कामा नये.

यिर्मयाच्या ३९ व्या अध्यायांतील बाबिलोनी सरदारांच्या यादीचें उदाहरण तर नकलकारांचा दोष व मूळ लेखकाची सचोटी हीं दोन्ही एकदम दाखवितें. त्या यादींत शब्द भलत्याच ठिकाणीं तुटल्यामुळें 'समगर-नबो' व 'सर्सखीम' अशीं दोन नांवें दिसत होतीं. मिखाएल युर्सा या संशोधकानें इ. स. २००७ त ब्रिटिश म्यूझियममधील एका लहान मृत्तिकालेखांत नबू-शर्रुस्सु-उकीन या मुख्य खोजाचें नांव वाचलें. लेख इ. स. पू. ५९५ चा असून त्यांत त्यानें बाबिलोनच्या एसागिला देवळास दीड मिना, म्हणजे पाऊण किलोग्राम सोनें पाठविल्याची नोंद आहे. नांव व हुद्दा दोन्ही यिर्मयाच्या 'नबो-सर्सखीम, रब-सारीस' याशीं जुळतात. इतका क्षुल्लक तपशील मागाहून कल्पनेनें रचणें संभवनीय नाहीं.

(५) शेवटच्या दिवसांतील यहूदी नायक

याच काळांतील यहूदी नायकांचीही नांवें खापरांवर व मुद्रांवर मिळूं लागलीं आहेत. लाखीशच्या वेशीजवळील चौकींत स्टार्की यांस इ. स. १९३५ त शाईनें लिहिलेलीं खापरें सांपडलीं. त्यांतील एका पत्रांत होशायाहू हा हाताखालचा अधिकारी आपल्या वरिष्ठास कळवितो कीं, सेनापति कोन्याहू बिन एलनाथान हा मिसर देशाकडे जाण्यास निघाला आहे. दुसऱ्या पत्रांत लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर असल्याचें व अजेका दिसत नसल्याचें लिहिलें आहे; यिर्मयाचा ३४ वा अध्याय सांगतो कीं, त्या वेळीं तटबंदीच्या शहरांपैकीं लाखीश व अजेका हींच काय तीं उरलीं होतीं. तेल-एन-नस्बे येथें, म्हणजे बहुधा जुन्या मिस्पांत, इ. स. १९३२ त एक मुद्रा निघाली. तिच्यावर कोंबड्याचें चित्र व 'राजसेवक याजन्याहू' अशीं अक्षरें आहेत. मिस्पा येथें गदल्याकडे जे फौजी नायक जमले त्यांत याजन्या नांवाचा एक होता. गदल्याविरुद्ध इश्माएलास चिथावणारा अम्मोनी राजा बालीस हाही दीर्घकाळ केवळ यिर्मयाच्या ग्रंथांतून ठाऊक होता, इ. स. १९८४ त तेल-एल-उमेरी येथें मिळालेल्या मुद्रेच्या ठशांत त्याच्याशीं जुळणारें नांव आढळलें.

येथेंच आमची मुख्य तक्रार येते. अशी एखादी मुद्रा निघाली कीं लगेच 'ग्रंथ खरा ठरला' अशी दवंडी पिटली जाते. परंतु याजन्या हें नांव त्या काळीं अगदीं सामान्य होतें. यिर्मया व यहेज्केल यांत त्या नांवाचे निरनिराळे गृहस्थ आहेत, आणि लाखीशच्या पहिल्याच खापरावर आणखी दोन ठिकाणीं तें येतें. कोन्याहूचा बाप एलनाथान आणि संदेष्ट्यास धरून आणण्यासाठीं मिसरास गेलेला यिर्मयांतील एलनाथान हे एकच, हाही असाच घाईचा तर्क आहे. बापाचें नांव, हुद्दा, स्थळ व काळ या चार गोष्टींपैकीं किती जुळतात हें मोजल्याशिवाय व्यक्ति निश्चित करूं नये. या कसोटीस नबो-सर्सखीम पुष्कळ उतरतो, याजन्या अर्धामुर्धा उतरतो, व कोन्याहू ग्रंथांतील कोणाशींच निश्चितपणें जुळत नाहीं.

दुसरी चूक याहून मोठी आहे. इ. स. पू. सहाव्या शतकांतील नांवें जुळलीं, एवढ्यावरून त्यापूर्वीं चारशें वर्षांचे यवाब व अमासा सिद्ध होत नाहींत. तेल-दान येथें इ. स. १९९३ व १९९४ त मिळालेल्या शिलालेखाच्या तुकड्यांत 'दावीदाचें घराणें' असा उल्लेख आहे, तो इ. स. पू. नवव्या शतकांतील असून त्यावरून त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून दावीदाचें नांव तेव्हां रूढ होतें एवढें ठरतें. त्याच्या सरदारांपैकीं एकाचाही समकालीन लेख उपलब्ध नाहीं. गिबोन येथें प्रिचर्ड यांस इ. स. १९५६ पासूनच्या उत्खननांत खडकांत खोदलेली सुमारें ३७ फूट व्यासाची विहीर मिळाली, व अबनेर आणि यवाब यांचीं माणसें जिच्या कांठीं समोरासमोर बसलीं ती हीच असें अनेकांस वाटतें. असेलही; पण विहीर खरी असल्यानें तिच्या कांठची लढाई खरी होत नाहीं.

(६) तात्पर्य

एवढ्या विवेचनावरून आम्हांस तीन गोष्टी निष्पन्न झाल्याशा वाटतात. पहिली, ज्या कलमामुळें थोराचें श्रेय कमी होतें व ज्याचा कोणास लाभ नाहीं, तें कलम अधिक विश्वसनीय धरावें. एलहानानाचें कलम या जातीचें आहे. दुसरी, लहान माणसाच्या हकीकतींतही हितसंबंध शोधावा. अमासाचें प्रकरण याचा इशारा आहे. तिसरी, बाहेरच्या लेखानें जेवढें सिद्ध होतें तेवढेंच सिद्ध मानावें. नांवावरून प्रसंगाकडे व एका शतकावरून दुसऱ्या शतकाकडे उडी मारूं नये. ग्रंथ सर्वस्वीं खरा मानणारे व सर्वस्वीं कल्पित मानणारे असे दोन्ही पक्ष हा तिसरा नियम मोडतात, आणि म्हणून दोघांचेंही म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत नबुजरदानानें धरून रिब्ला येथें नेलेल्या व तेथें मारल्या गेलेल्या लोकांची यादी आहे. तींत सेनापतीचा एक लेखक आहे. मुलखांतील लोकांस फौजेंत दाखल करून घेण्याचें काम त्याच्याकडे होतें. त्याचें नांव ग्रंथकारानें दिलेलें नाहीं. शूरांच्या व शिपायांच्या ज्या याद्यांवर आम्ही वर इतका भार ठेविला, त्या असल्याच कारकुनांच्या हातच्या कागदांवरून उतरल्या असाव्यात. इब्री इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यानें थोर राजांच्या कथांपूर्वीं या याद्या एकदां स्वतंत्रपणें वाचून काढाव्यात, अशी आमची शिफारस आहे.